राशीजवळ बोलायचं नसतं

पौष लागला की आमच्या नांदुऱ्यात ज्वारीच्या गाड्या यायला लागतात. स्टेशनाकडं जाणारा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. दिवसभर बैलांच्या घंटा, वंगणाचा वास आणि पोत्यांच्या उसवलेल्या कोपऱ्यांतून गळत जाणारे दाणे. एरवी या गावाला सरकीचा आणि इंजिनाच्या धुराचा वास असतो. लढाई सुरू झाल्यापासून शिपायांनी भरलेल्या गाड्या रात्रंदिवस जातात, त्यामुळं धूर अंमळ जास्तच. पण पौषात काही दिवस ज्वारी या सगळ्यावर मात करते. नव्या ज्वारीचा तो कोरडा, किंचित गोडसर वास घरात शिरला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. आमच्या घरचे म्हणतात, "वर्षातून एक महिना तुझ्या हातचं जेवण म्हणजे नशिबाचा खेळ आहे, भाजीत मीठ दोनदा तरी पडतं नाहीतर पडतच नाही." मी म्हणते, धान्याच्या अडत्याशी लग्न केलं ना, मग ज्वारीचा त्रास सोसायचा कोणी?

परवा सकाळी मी दारात सांडलेली ज्वारी झाडून सुपात भरत होते. माझी धाकटी शांता शाळेला निघाली होती. घाईघाईत तिचा पाय सुपाला लागला. ती थबकली, वाकली, दाण्यांना बोटं लावून ती कपाळाला लावली, आणि "झालं!" म्हणून पळत सुटली. वेण्या पाठीवर उडत होत्या. मी सूप हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. खरं सांगते, मला माझ्याच पोरीचा हेवा वाटला. पाय लागला, हात लावला, पाप फिटलं. पुढं शाळा.

मीही तशीच होते. पैनगंगेच्या अलीकडं, मेहकरच्या रस्त्यावर आमचं गाव. तिथं लहानपणी मला पाप म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. पाप म्हणजे पाय लागणं. पाटीला, झाडणीला, धान्याला, झोपलेल्या माणसाला. आणि पापावरचा उतारा तर हाताच्या बोटांवरच होता. दिवसाकाठी दहा पापं करायची आणि दहा वेळा कपाळाला हात लावायचा. रात्री झोपताना हिशेब चोख. माझ्या त्या वयातल्या जगात न फिटणारं असं काहीच नव्हतं. मोठी माणसं कशाला एवढे सुस्कारे टाकतात, याचं मला कोडं पडायचं.

पौषात आमच्या वावरातलं खळं म्हणजे माझं राज्य. शेणानं सारवून गुळगुळीत केलेली गोल जमीन, मधोमध लाकडाचा तिवडा, त्याभोवती कणसं तुडवत फिरणारे बैल. बैलांच्या मागं फिरून फिरून आम्हालाही भोवळ यायची, आणि ती यावी म्हणूनच आम्ही फिरायचो. मग वारा बघून उपणणं सुरू व्हायचं. आबा, म्हणजे माझे वडील, तिपाईवर उभे राहून सूप डोक्याच्या वर धरायचे आणि हलकेच कलतं करायचे. दाणे सरळ खाली पडायचे, भुसा वाऱ्यावर जायचा. तो भुसा अंगाला लागला की अशी खाज सुटायची की आठवणीनंसुद्धा आत्ता माझा हात मानेकडं गेला. दिवस कलताना खळ्याच्या मधोमध पिवळसर पांढऱ्या दाण्यांची रास उभी राहायची.

मग ती मोजायची. त्याचा एक नेम होता, आमच्याकडं सगळीकडंच होता. रास मोजायच्या आधी तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची, दिवा लावायचा, हळदकुंकू वाहायचं. चपला खळ्याबाहेर. आणि एकदा पहिलं माप राशीत बुडालं की शेवटचं माप पोत्यात पडेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. मोजणारानं बोलायचं नाही, पोतं धरणारानं नाही, आलेल्या-गेलेल्यानंही नाही. बोललं की राशीची बरकत उठून जाते. मोजणी चालू असताना गावातली माणसं यायची, सुतार यायचा, देवळातला गुरव यायचा, कोणी गरीबगुरीब यायचं. सगळे रेघेबाहेर मुकाट बसायचे. मोजणी संपली की आबा हाक मारायचे आणि प्रत्येकाच्या पदरात सूपभर ज्वारी पडायची. आम्हा पोरांचं तोंड बंद राहणं अवघड, म्हणून माय, माझी आई, मोजणीच्या आधी माझ्या तोंडात गुळाचा खडा घालायची. "चावू नको, चघळ. हा हाय तवर बोलाचं नाई." गूळ विरघळायच्या आत रास संपावी अशी माझी इच्छा असायची, आणि गुळानं पुरावं अशीही.

आमच्या वावराला लागून सोनाजीकाकांचं वावर. माणूस इतका भिडस्त की स्वतःच्या बैलालासुद्धा हळूच हाकलायचा. त्यांची बायको राधाकाकू मात्र सगळ्या गावाच्या वाट्याचं बोलायची. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांची असेन. तिला सासू नव्हती, त्यामुळं तिच्या हसण्याला कोणी आवर घालत नव्हतं. ज्वारीच्या धांड्यांच्या चिपा काढून ती मला छोट्या गाड्या करून द्यायची, चाकं, जू, सगळं. आणि आमच्याच वावरातला हरभरा ती मला घेऊन चोरायची. चोरायची हा शब्द माझा. ती बांधावर उभी राहायची, आबा तिकडं कोसभर लांब मेहकरच्या वाटेवर असले तरी तोंडाशी हात नेऊन ओरडायची, "आबा, हरभरा घेऊन राह्यली बरं!" आणि मग खुशाल उपटायची.

मी विचारायची, "काकू, त्याइनं तं ऐकलंच नाई!"

"आपलं काम सांगाचं. ऐकणं त्याइच्याकडं," ती म्हणायची, आणि हिरव्या घाट्यांनी माझी ओंजळ भरायची.

मी आठ वर्षांची होते त्या साली राधाकाकूला दिवस गेले होते. पोटावर हात ठेवून ती मला म्हणायची, "कमळे, पोरगी झाली तं तुह्या हवाली. मले तं रडणारं पोर झेपाचं नाई." मी त्या पोरीसाठी धांड्याची गाडी करून ठेवली होती. माझ्या हातची, म्हणजे एका बाजूला कलणारी.

त्या पौषातली ती दुपार. आमची रास नेहमीपेक्षा मोठी झाली होती. आबा पूर्वेकडं तोंड करून बसले, "लाभ" म्हणून पहिलं माप राशीत बुडवलं, आणि खळं गप्प झालं. माझ्या तोंडात गूळ होता. थोड्या वेळानं बांधावरून सोनाजीकाका येताना दिसले. भराभर येत होते. खळ्याजवळ आले, रास दिसली, आणि थांबले. चपला काढल्या. रेघेबाहेर उभे राहिले.

आबांनी मान वर केली. मोजणीच्या वेळी आलेला माणूस कशासाठी येतो, हे आबांना इतक्या वर्षांत ठाऊक होतं. त्यांनी माप न सोडता डावा हात खाली दाबल्यासारखा केला. बस. सोनाजीकाका बसले.

खळ्याच्या पलीकडं बाभळीखाली आमची दमणी उभी होती. हलकी, दोन माणसांची बैलगाडी, गावातली एकच. आबांचे पळणारे बैल तिच्या शेजारी कडबा खात होते. सोनाजीकाकांचे स्वतःचे बैल त्या दिवशी लांबच्या वावरात दुसऱ्याच्या मळणीला गेलेले. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या कणसं वाहत होत्या. सोनाजीकाका त्या दमणीकडं बघत बसले होते. मी त्यांना बघत होते. मला वाटलं, त्यांना दमणी आवडते. मलाही आवडायची.

मापामागून माप पडत राहिलं. ऊन तिवड्याच्या या अंगावरून त्या अंगाला गेलं. माझा गूळ केव्हाच विरघळला होता, तरी मी शहाण्यासारखी तोंड मिटून होते. शेवटी तळाचे दाणे आबांनी हातानं गोळा केले, माप भरलं, आणि हसून म्हणाले, "हं, सोनाजी, पसर बे धोतर."

सोनाजीकाका उठले. "आबा, गाडी..." एवढंच म्हणाले आणि त्यांना पुढं बोलता येईना. मग कसंबसं म्हणाले, "राधा अडली हाय. सकाळधरनं."

आबांच्या हातातलं माप पडलं. दाणे खळ्यावर सांडले. ते दोघं बैल सोडायला धावले तेव्हा त्यांचे पाय त्या दाण्यांवरूनच गेले, आणि कोणीही वाकून हात कपाळाला लावला नाही. मला तेवढंच कळलं होतं.

राधाकाकूला दमणीत घालून आबांनी स्वतः बैल हाकले. मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंधार पडला. ती गेली. पोटातलं पोर तिच्यासोबत गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की थोडं आधी आणायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी मी आबांना गावाच्या वाटेवर येताना पाहिलं. दमणी रिकामी होती आणि आबा तिच्यात बसले नव्हते. बैलांच्या शेजारून पायी चालत येत होते.

त्या वयात मला वाटलं, कोणी तरी काही तरी मोडलं असणार. काही मोडल्याशिवाय शिक्षा होत नाही. पण मी खळ्यावरच होते, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की कोणी एक शब्द बोललं नव्हतं. नेम पाळला गेला होता. आबांनी पाळला, सोनाजीकाकांनी पाळला, मीसुद्धा पाळला. मग पाप कोणाचं? विचार करकरून माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, आणि ते आल्यावर मी तापानं फणफणले. हरभरा. राधाकाकूनं न विचारता हरभरा घेतला होता, त्याची ही शिक्षा. आणि त्यातला निम्मा मी खाल्ला होता.

दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. मग मायला सांगितलं. माय चुलीपाशी बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, इतकं घट्ट की तिच्या पोतीचे मणी माझ्या गालाला रुतले.

"येडी हायेस का वो?" ती म्हणाली. "देवाले काय तुहे हरभरे मोजाचे हायेत?"

मग ती रडायला लागली, आणि मला वाटलं की आता हिलाही ताप येणार.

माझ्या मनाची समजूत पटली नव्हती. उतारा तर मला माहीत होता, फक्त हात कशाला लावायचा ते सापडत नव्हतं. मी पोत्यांना हात लावून पाहिला. खळ्यावरच्या राखेच्या रेघेला लावला. दमणीच्या चाकाला लावला. सोनाजीकाकांच्या दारात त्यांच्या चपला होत्या, कोणी बघत नाही असं पाहून त्यांनाही लावला. प्रत्येक वेळी कपाळाला राख आणि माती लागली, आणि राधाकाकूच्या घराचं दार तसंच लोटलेलं राहिलं. माझी कलणारी गाडी मी कडब्याच्या गंजीत खुपसून टाकली.

पुढच्या पौषात आबांनी रास मोजायला घेतली आणि पहिलं माप बुडवतानाच बोलायला लागले. माणसं चमकली. आबा बोलतच राहिले. हवापाण्यावर बोलले, बैलाच्या खुरावर बोलले, आणि बांधावर कोणी दिसलं की मापाचा हात थांबवून ओरडायचे, "काय काम हाय बाबा? आधी काम सांग, मंग बस!" येणारा गांगरायचा. कोणी हात हलवून गप्प राहिलं तर आबा माप खाली ठेवायचे आणि तो बोलेपर्यंत उचलायचे नाहीत. मोजणी चुकायची. एकच माप दोनदा धरलं जायचं, एखादं सुटायचं. रास कधी भरल्यासारखी वाटायची नाही. गावात लोक म्हणायला लागले, आबाच्या खळ्यावर आता बाजार भरतो. मायला ते लागायचं. आबांना लागत असेल तर त्यांनी दाखवलं नाही. सोनाजीकाका बांधापर्यंत यायचे, तिथूनच चार शब्द बोलायचे आणि परत जायचे. आमच्या खळ्यावर ते पुन्हा कधी आले नाहीत, घरातही नाही. त्यांनी दुसरं लग्नही केलं नाही.

मला आबांनी शिकायला मेहकरला मामाकडं ठेवलं. मुलीला एवढं कशाला, असं विचारणाऱ्यांना ते एवढंच म्हणाले, बोलता आलं पायजे पोरीले. मेहकरला मी बोलायला शिकले, जरा जास्तच शिकले. पंधरा-सोळाचं वय विचित्र. तोवर मला पायानं पाप लागतं हे खोटं वाटायला लागलं होतं. नेम, रेघ, बरकत, सगळं खुळं वाटायला लागलं होतं. माणूस वाचलं की मेलं, एवढंच खरं. ज्याच्या हातून मेलं तो दोषी. सोपं गणित. नवा विळा हातात आला की दिसेल त्या गवतावर चालवून बघावासा वाटतो, तशी माझी गत होती. आणि गवत कोणतं दिसलं? घरचंच.

लग्न ठरलं त्या सालच्या पौषातली गोष्ट. सासरकडचे पाहुणे खळ्यावर आले होते. आबा आपले माप हातात घेऊन बोलत बसलेले. पाहुण्यांपैकी कोणी तरी हसलं. मला शरम वाटली, आणि शरमेच्या पोटातून दुसरंच काही वर आलं. पाहुणे विहिरीकडं गेल्यावर मी म्हणाले, "आता बोलून काय उपेग, आबा? तवा बोलले असते तं राधाकाकू वाचली असती."

मायनं तोंडावर हात ठेवला. आबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कोणी तरी खूप दिवसांनी नावानं हाक मारावी आणि माणसानं वळून बघावं, तसं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले.

मग त्यांनी माप राशीत बुडवलं. त्या दिवशी पुढं ते काही बोलले नाहीत, आणि मोजणी बरोबर झाली.

तो "हाव" घेऊन मी नांदुऱ्याला आले. मला वाटलं होतं की खरं बोललं की मोकळं वाटतं. संसाराच्या पहिल्या दिवसांत, इंजिनाच्या शिट्ट्यांनी सारखी जाग यायची तेव्हा, तो शब्द आठवायचा. माझं म्हणणं बरोबर होतं आणि मला त्याचं सुख होत नव्हतं. दोष ज्याचा त्याच्या पदरात घातला, तरी काही तरी उरलंच होतं, आणि ते कोणाच्या पदरात घालावं ते कळत नव्हतं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हाही पौषच होता. गेल्या गेल्या पाहिलं तर अंगणात दमणी उभी. नवीन वंगण, आत गोधडी अंथरलेली, बैल तिथंच बांधलेले. आबा तिच्या शेजारी बाज टाकून बसलेले. वावरात त्या आठवड्यात गेलेच नव्हते. "रास?" मी विचारलं. "राहू दे तिले," ते म्हणाले. शेजारीपाजारी हसत होते. बाईला अजून पंधरा दिवस आहेत, आणि बुवा आत्तापासून गाडी जुंपून बसलाय. मला हसू आलं नाही.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बाजेवर बसले होते. पाय सुजले होते, मनही तसंच झालं होतं. इतक्या वर्षांत न सुचलेली गोष्ट मला त्या दुपारी सुचली.

"आबा, त्या दिशी सोनाजीकाकाबी तं बोलले नाईत. जीभ तं त्याइलेबी होती."

आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"त्याइनं एक शब्द काढला असता तं तुमी थांबले असते का?"

"थांबलो असतो ना. माप फेकून उठलो असतो."

"मंग मी तुमाले तसं बोलली तवा तुमी हे काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी कडब्याची पेंडी बैलापुढं सरकवली. मग म्हणाले, "त्याहं घर गेलं, कमळे. मी म्हटलं असतं का तू काऊन नाई बोलला, तं तो जगला असता का? त्याले वाटलं असन, रास बाटवून नेलेली गाडी बायकोले लाभाची नाई. त्यानं बायकोसाठीच तोंड मिटलं. मले वाटलं, गरीब माणूस वाट्याले आला, म्हून बस म्हटलं." त्यांनी हात झटकला. "एकाच्या डोकश्यावर तं हे वझं जाणारच होतं. माह्या डोकश्यावर राहू दे. माहं डोकसं मोठं हाय."

आणि ते हसले. मी रडले. आठ वर्षांची असताना मला दोषी सापडला नव्हता, सोळाव्या वर्षी एक सापडला होता, आणि आता सगळी चांगली माणसं माझ्यासमोर बसली होती. राशीचा मान राखणारा. पाहुण्याला बस म्हणणारा. बायकोला अपशकून नको म्हणून दातावर दात ठेवून बसणारा. त्यांच्या चांगुलपणातच राधाकाकू गेली. आणि मी ज्याला दोषी म्हणून बोट दाखवलं होतं, त्यानं दुसऱ्याला वाचवण्यासाठी ते बोट आपल्याकडं राहू दिलं होतं. वयासोबत शहाणपण येतं म्हणतात. मला वाटतं, बोट दाखवायला जागा तेवढी कमी होत जाते. त्या पौषात माझा थोरला सुखरूप झाला. दमणी लागलीच नाही. आबांनी ती तरीही महिनाभर अंगणातून हलवली नाही.

मग वर्षं गेली. माय गेली. बैल म्हातारे झाले, दमणी मोडकळीला आली. आणि काही वर्षांपूर्वी अशाच ज्वारीच्या दिवसांत निरोप आला की आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. मी खामगावापर्यंत जाऊन मोटार धरली. पोचले तेव्हा सकाळचं ऊन ओसरीवर आलेलं होतं. आबा खाटेवर होते. मला पाहून त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. राशीजवळ बडबड करणाऱ्या या माणसाला देवानं शेवटी गप्प केलं, याचा मला इतका संताप आला की मी देवघराकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना भरवायला मी गुळाचं पाणी केलं आणि चमच्या-चमच्यानं ओठांत सोडत बसले.

दारात सावली पडली. सोनाजीकाका होते. केस पांढरे, पाठ वाकलेली. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आजही चपला बाहेर काढून ते उंबऱ्याशीच थांबले होते, धाप लागलेली. वावरातून धावत आले असावेत. मी त्यांना असं उभं राहिलेलं आधी एकदा पाहिलं होतं.

आबांनी त्यांना पाहिलं. चालणारा हात एकच होता, डावा. तो त्यांनी हळूहळू उचलला आणि खाली दाबल्यासारखा केला. बस.

सोनाजीकाकांनी मान हलवली.

"नाई आबा," ते म्हणाले. "आज बसत नाई. आधी काम सांगतो."

उपरण्याचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत धरलं होतं. त्यांचा आवाज मोठा झाला. उभ्या जन्मात मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"आबा, गाडी पायजे. राधा अडली हाय."

मी चमचा खाली ठेवला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण नजर त्यांनी सोनाजीकाकांवरून काढली नाही. मग त्यांचा हात पुन्हा उठला. खांद्याच्याही वर. आणि गोठ्याकडं वळला. ने. ने. बोटं तिकडंच राहिली, मी धरून खाली घ्यायला गेले तरी खाली येईनात.

"हाव, नेतो," सोनाजीकाका म्हणाले आणि वळून गोठ्याकडं गेले.

दमणी तर केव्हाच मोडून जळणात गेली होती. तिचं एक चाक तेवढं गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं होतं. सोनाजीकाका त्याच्यापाशी थांबले. मग म्हातारे गुडघे टेकून खाली बसले, चाकाला हात लावला, आणि तो हात कपाळाला लावला.